अश्लेषाची सायकल काट्यावर चढते

चंपतराव भोयरांनी सावनेरकडच्या एका कोळसा डेपोत चौतीस वर्षं वजनकाटा सांभाळला, आणि तेवढ्या काळात त्यांचा एका गोष्टीवर विश्वास बसला तो बसलाच: जे जड ते खरं. ट्रक काट्यावर चढायच्या आधी, नुसत्या टायरच्या आवाजावरून ते सांगत, की कोळसा ओला आहे, ड्रायव्हर उपाशी आहे आणि क्लीनरनं सीटखाली दगड लपवले आहेत. एकदा म्हणे काटा बंद पडला. तीन दिवस चंपतराव खुर्ची टाकून बसले आणि ट्रकांकडे नुसतं पाहून पावत्या फाडल्या. चौथ्या दिवशी इंजिनियर आला, आणि त्यानं काटा दुरुस्त करून चंपतरावांच्या आकड्यांशी जुळवून घेतला. ज्याला हे खोटं वाटत असेल त्यानं सावनेरला जाऊन विचारावं. तिथले लोक तीन दिवसांचे सात सांगतील.

निवृत्त होऊन ते नागपुरात, बेसा रोडवरच्या सुयोग लेआउट नावाच्या वसाहतीत, मुलाकडे राहायला आले. सवय सोबत आली. लग्नाची पत्रिका आली की आधी ती तळहातावर तोलायची. हलकी लागली की जेवणही तसंच असणार म्हणून घरूनच जेवून निघायचं. जेव्हा नात अश्लेषा सहा वर्षांची झाली आणि तिला सायकल घ्यायची ठरली, तेव्हा ते एकटेच बाजारात गेले, दुकानातल्या झाडून साऱ्या सायकली उचलून पाहिल्या आणि जी उचलताना पाठीत कळ आली ती घरी आणली.

ती सायकल एकोणीस किलोची होती. तिला कॅरियर होतं, पुढं टोपली होती, दोन घंट्या होत्या, बाजूला आधाराची चाकं होती, आणि साखळीवर असं जाड झाकण होतं की त्यात चार जणांची पोळीभाजी राहिली असती. अश्लेषा स्वतः सतरा किलोची. सायकलीवर पोरीनं बसण्यापेक्षा पोरीवर सायकलीनं बसणं दोघींच्या दृष्टीनं सोपं होतं, आणि पहिल्या दिवशी झालंही तसंच.

"मजबूत आहे बाप्पा!" चंपतराव सायकल उचलता उचलता म्हणाले. "एवढी पडली, पण तिले खरचटलंसुद्धा नाही."

"पोरीले खरचटलं ना, मामाजी," सून वंदना आतून हळद घेऊन आली.

पडण्याचं एक वेळ चाललं असतं. खरी अडचण रस्त्याची होती. सुयोग लेआउटमध्ये सिमेंटचा रस्ता झाला होता. जुना उखडण्यात वेळ कशाला घालवायचा म्हणून ठेकेदारानं जुन्यावर नवा घातला, नव्यावर आणखी एक घातला; रस्ता वर वर गेला आणि घरं होती तिथंच राहिली. समोरच्या मधुकररावांना बैठकीच्या खिडकीतून आता फक्त चपला-बूट दिसत. त्यांनी तेवढ्यावरून अख्खा लेआउट ओळखायला सुरुवात केली होती, आणि एकाच्या टाचा पाहून त्याला बढती मिळाल्याचं त्याच्या बायकोच्या आधी सांगितलं होतं. प्रत्येक फाटकासमोर फूटभर उंचीची सिमेंटची कड उभी राहिली. घरातून रस्त्यावर यायचं म्हणजे चढाई होती.

मोठ्यांनी या कडेविरुद्ध अर्ज केले. पोरांनी तिचा खेळ केला. दर रविवारी सकाळी लेआउटमधली पोरं सायकली घेऊन पाण्याच्या टाकीपर्यंत जात, आणि त्यांची पुढारी मुग्धा, वय वर्षं नऊ, तिनं नियम काढला होता: ज्याची सायकल त्यानंच कडेवर चढवायची. घरच्या कोणी बोट लावलं की ते पोर बाद.

अश्लेषा चार रविवार बाद झाली. पुढचं चाक कसंबसं वर टेकायची, मागचं उचलता उचलता सगळं धूड खाली यायचं, की चंपतराव धावत जाऊन उचलून द्यायचे आणि मुग्धा शिट्टी वाजवायची. पाचव्या रविवारी पोरगी फाटकातून बाहेरच आली नाही. पायरीवर बसून राहिली आणि म्हणाली, "मले नाही आवडत सायकल. मले कॅरम खेळायचा आहे."

घरात कॅरम नव्हता. वंदनानं त्याच दिवशी नवऱ्याला आणि सासऱ्याला गाडीत घातलं आणि महाल भागातल्या पिंटूभाऊंच्या सायकलीच्या दुकानात आणलं. पिंटूभाऊ म्हणजे साठीचा माणूस. नाव लहानपणी पडलं आणि पुढं कोणाला बदलायला सवड झाली नाही.

"आधी पोरीले बसवू, मंग गोष्टी करू," पिंटूभाऊंनी एक छोटी निळी सायकल समोर ठेवली. अश्लेषा नाइलाजानं बसली. "दोन्ही पाय जमिनीले टेकले? टेकले. ब्रेकपर्यंत बोटं पोचली? पोचली. आणि सायकल पोरीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाह्यजे. बस. एवढंच शास्त्र आहे."

"गियर किती?" मुलगा धर्मेंद्र पुढं झाला. तो विम्याच्या कचेरीत होता, आणि कोणतीही वस्तू घेण्याआधी फोनवर तिचे व्हिडिओ पाहायचा.

"एकच."

"एकच?" धर्मेंद्रला कोणीतरी चोरी केल्यासारखं वाटलं. "भाऊ, मी बत्तीस व्हिडिओ पाह्यले सकाळपासून. एकवीस गियर पाह्यजे, पुढं सस्पेन्शन पाह्यजे. एक जण तर लडाखमध्ये चालवून राहिला होता."

"आपली पोरगी टाकीपर्यंत जाते," वंदना म्हणाली. "टाकीपाशी कोणता लडाख आला? तिले अजून डावी चप्पल कोणती ते समजत नाही, अन् तुम्ही एकवीस गियर देता."

"उद्या मोठी झाली म्हणजे कामात येईल."

"उद्या मोठी झाली म्हणजे साडीही लागेल. आज नेसवता का?"

धर्मेंद्रनं फोन खिशात घातला. आता चंपतराव पुढं आले. त्यांनी धोतर खोचलं, पाय फाकवले, छातीत श्वास भरला आणि निळी सायकल उचलली. ती इतकी भसकन वर गेली की छताला टांगलेल्या ट्यूबांचा घोस निसटला, आणि त्यातली एक ट्यूब नवरदेवाच्या हारासारखी चंपतरावांच्या गळ्यात येऊन बसली.

"हे सायकल आहे का सायकलीचा फोटो?" ट्यूब गळ्यात तशीच ठेवून त्यांनी विचारलं.

"अ‍ॅल्युमिनियम आहे, काका. सहा किलो."

"कोण म्हणते?"

"कंपनी म्हणते."

"कंपनीचा काटा कोणी पाह्यला?"

पिंटूभाऊंनी आकड्याचा छोटा ताणकाटा काढून सायकल टांगून दाखवली. चंपतरावांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "हा भाजीवाल्याचा काटा. माणूस पाहून हलते. मी चौतीस वर्षं साठ टनाच्या काट्यावर बसलो गा. तिथं चढवल्याबिगर मी हे घेत नाही. जुनीही नेतो, अन् दोन्ही पावत्या तुमच्या दुकानात लावतो."

वंदनानं नवऱ्याकडं पाहिलं. धर्मेंद्रनं ट्यूबांकडं पाहिलं. अश्लेषानं मात्र निळ्या सायकलीची मूठ सोडली नव्हती.

अशी ती वरात कामठी रोडवर गेली. तिथल्या एका धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या सार्वजनिक काट्यावर, केशव बसत असे, चंपतरावांच्या हाताखाली तयार झालेला. घरून जुनी सायकल उचलून गाडीत घालायला दोन माणसं लागली. नवी सायकल पिंटूभाऊंनी खांद्याला अडकवली आणि स्कूटरवरून आणली. वाटेत दोन लोकांनी त्यांना ती कुठं मिळते ते विचारलं.

काटा असा होता की त्यावर अठरा चाकांचा ट्रेलर उभा राहून वर त्याचा ड्रायव्हर फेर धरू शकला असता. त्याच्या मधोमध निळी सायकल उभी केली. मागं कोळशाचे, सळईचे, संत्र्याचे असे नऊ ट्रक खोळंबले, आणि हॉर्न वाजवून कंटाळलेले ड्रायव्हर काय तोलून राहिले ते पाहायला खाली उतरले.

केशवनं काचेतून वाकून आकडा पाहिला आणि सवयीनं माइकवर बोलला, "शून्य."

"पाह्यलं?" चंपतरावांनी पिंटूभाऊंकडं वळून दोन्ही हात पसरले. "काट्यावर नाही ते जगात नाही."

"काका, हा काटा वीस-वीसच्या उड्या मारते. दहाच्या आतलं त्याले दिसतच नाही, वरचं वीस होते."

"मले शिकवता का? वीस किलोच्या आत जे असते त्याले आमच्या धंद्यात धूळ म्हणतात. मी माझ्या नातीले धुळीवर बसवू?"

मग जुनी सायकल चढवली. माइकवर "वीस" असा आवाज आला. चंपतरावांनी मिशीवर हात फिरवला. त्यांच्या दृष्टीनं खटला संपला होता. वीसच्या जागी शून्य घेणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात अश्लेषा काट्यावर धावली. तिला एवढं मोठं अंगण कधी मिळालं नव्हतं. "माझं किती, केशवकाका?"

"वीस!"

ती खाली येऊन निळी सायकल घेऊन पुन्हा वर गेली. "आता?"

"वीसच!"

"सायकल घेऊनही मी तेवढीच?" पोरगी खूश झाली. चंपतरावांचा मिशीवरचा हात मात्र खाली आला. काटा खोटं बोलत नाही, हे ते चौतीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते.

"आता जुनी घे, बेटा," पिंटूभाऊ सहज म्हणाले. दुकानदार माणूस, सहज कधीच काही म्हणत नाही.

जुनी सायकल काट्याच्या चढावर ढकलताना अश्लेषाचे पाय मागं घसरू लागले. दात आवळून, मान खाली घालून ती ढकलत होती. ड्रायव्हर मंडळी ओरडू लागली, "जोर लगाओ, बेटा!" चंपतराव धावले.

"आबाजी, हात नका लावू!" ती तिथूनच किंचाळली. "बाद होईन मी!"

चंपतराव जागच्या जागी थांबले. इथं ना मुग्धा होती, ना शिट्टी, ना रविवारची पोरं. कॅरम आवडणाऱ्या पोरीला काट्यावरसुद्धा बाद व्हायचं नव्हतं. त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला, आणि मग तो कुठं ठेवावा ते त्यांना समजेना.

शेवटी चाकं वर आली.

"चाळीस," केशवनं पुकारलं.

चंपतराव आकड्याच्या लाल दिव्याकडं बघत राहिले. चाळीस. वीस ती आणि वर आणखी वीस. पोरीच्या डोक्यावर आणखी एक अख्खी पोरगी.

"पिंटू," त्यांनी हळूच विचारलं, "हिची पासिंग किती म्हणाला?" पासिंग म्हणजे गाडीला नियमानं किती माल नेता येतो ते. ट्रकवाल्यांखेरीज कोणाला हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"तिसरा हिस्सा, काका. सहा किलो समजा."

"सहाची पासिंग, अन् वर वीस."

आता हे लक्षात घेतलं पाहिजे, की पासिंगच्या वर क्विंटलभर माल असला तरी चंपतराव ट्रक सोडत नसत. एका आमदाराच्या मेव्हण्याचा ट्रक त्यांनी इतका वेळ उभा केला होता की त्याच्या टपावर चिमणीनं घरटं बांधलं, पिल्लं उडाली, मग ट्रक निघाला. असा माणूस. त्यानं आपल्या घरातल्या सर्वांत छोट्या गाडीवर तिप्पट माल लादला होता आणि रविवारी रविवारी वर म्हणत होता, मजबूत आहे.

ते काट्यावर गेले. अश्लेषाच्या हातातून जुनी सायकल घेतली. या वेळी तिनं घेऊ दिली.

"काहून नाही सांगितलं बेटा, जड होते म्हणून?"

"सांगितलं होतं," अश्लेषा म्हणाली. "तुम्ही म्हणाले, तू हलकी आहे, जास्त जेव."

वंदना दुसरीकडं तोंड करून हसली. ड्रायव्हर मंडळींतला एक जण मोठ्यानं हसला. चंपतरावांनी खाकरून आवाज चढवला, कारण नऊ ट्रकांसमोर हरायचं तर नीट हरलं पाहिजे. "केशव! जुनी गाडी ओव्हरलोड. काट्यावरून खाली उतरव. निळी पास. पावती फाड."

"वजन काय लिहू, बाबू? शून्य?"

"काटा म्हणते तेच लिहिशील. का आता तू काट्याले शिकवशील?"

धर्मेंद्रनं निदान एक घंटी तरी बसवू म्हणून सुचवलं. ती बसली. टोपली, कॅरियर आणि बाजूची चाकं मात्र पिंटूभाऊंनी निळीला लावू दिली नाहीत, आणि आठवडाभर संध्याकाळी अश्लेषा आतल्या अंगणात दोन पायांनी जमीन रेटत, मग पाय उचलत, शिकली. पडायची तेव्हा सायकल बाजूला सारून उठायची. जुनी सायकल फाटकाला टेकून उभी केली. तेव्हापासून ते फाटक वाऱ्यानं कधी उघडलं नाही, आणि पाहुण्यांनाही उघडता येईना.

रविवार उजाडला. कडेवर मुग्धा शिट्टी तोंडात धरून उभी. फाटकाफाटकात आज्या, आजोबा, बाप हात मागं बांधून उभे. लेआउटच्या इतिहासात एवढी मोठी माणसं इतका वेळ काही न करता कधी राहिली नव्हती. अश्लेषानं पुढचं चाक उचलून कडेवर टेकवलं. थांबली. मग सीटखाली हात घालून मागचं उचललं. ते वर गेलं, परत थोडं खाली आलं, चंपतरावांचे खांदे आपोआप वर झाले, आणि चाक सिमेंटवर टेकलं. ती मागून चढली.

मुग्धानं शिट्टी वाजवली नाही. "चल," एवढंच म्हणाली.

पोरं निघाली. अश्लेषा शेवटी होती, पण होती. डेअरीच्या वळणावर खडीत तिचं चाक घसरलं आणि ती आडवी झाली. पुढची पोरं तशीच गेली. कोणी पाहिलं नाही.

"पडली हो!" मधुकरराव निघाले.

चंपतरावांनी त्यांच्या मनगटाला असं धरलं की घड्याळ बंद पडलं. "थांबा. तिकडं पाहू नका."

"अहो, नात तुमची पडली."

"तिची गाडी आहे. ती उचलेल."

दोघं म्हातारे मग आकाशाकडं पाहत उभे राहिले. तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. चंपतरावांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं दिसलं, की वळणावर एक निळी सायकल उभी राहिली, फ्रॉक झटकला गेला, आणि एका छोट्या डोक्यानं इकडं तिकडं वळून बघितलं, की कोणी बघून तर राहिलं नाही.

"कोणी नाही बघून राहिलं," चंपतराव आकाशालाच म्हणाले, आणि मधुकररावांचं मनगट पोरगी वळणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी सोडलं नाही.