आठ माणसांचा स्मोकर

“काका, एका वेळेला किती माणसं जेवणार, तेवढं सांगा. मग माप ठरवू.” भिकूने वेल्डिंगची काच कपाळावर सरकवली आणि तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

हैबती कापडे गावाहून सकाळच्या एसटीने पोलादपूरला आला होता. हमरस्त्यालगत भिकूचे वर्कशॉप. खिडक्यांच्या जाळ्या, गेटे आणि अलीकडे ढाब्यांसाठी कोळशाच्या शेगड्या तिथे बनत. हैबतीचा थोरला मुलगा दीपक मुंबईत एका साहेबाची गाडी चालवी. साहेबाच्या फार्महाऊसवर त्याने कोळशाच्या मंद धुरावर मांस शिजवणारा स्मोकर पाहिला होता. मे महिन्यात घरी आल्यावर तसाच एक हवा, असे त्याने फोनवर सांगितले होते. वर बजावलेही होते, “लहानच घ्या, बाबा. आपण चौघं तर हाव.”

चौघे म्हणजे दीपक, त्याची बायको रेश्मा, मुलगी दिशा आणि हैबती. धाकटा भरत, त्याची बायको साक्षी आणि त्यांची दोन मुले दीपकने धरलीच नव्हती.

“चौघं असू, नायतर आठ. मोठाच घेतला तर?” हैबतीने विचारले.

“चौघांसाठी? एवढ्याशा मटणाला एवढं मोठं पोट तापवत बसाल, कोळसा फुकट जळंल. आन् लहानात आठांचं कोंबलंत, तर धूर फिरायला जागा नाय. वरून करपंल, आत कच्चं ऱ्हाईल.”

हैबतीने आडव्या मोठ्या ड्रमवरून हात फिरवला. “कंपनीतला ड्रम तर नाय ना?”

“छे! केमिकलचा वास जन्मात जात नाय. कोरा पत्रा हाय. बोला, किती माणसं?”

साधा प्रश्न होता. पण हैबतीला त्याचे उत्तर गेल्या श्रावणापासून ठाऊक नव्हते. त्या श्रावणात ठमाबाई, त्याची बायको, गेली. भरत वापीच्या कारखान्यात होता. पावसाने वाट अडली होती. दिवस मावळायच्या आत उरकून घ्या, असे भावकीने सांगितले आणि दीपकने अग्नी दिला. भरत दुसऱ्या दिवशी पोचला, तेव्हा राख ओली झाली होती. “माझ्यासाठी एक रात थांबवली नाय आईला,” एवढे एकच वाक्य तो भावाला बोलला. तेव्हापासून एक घरी आला की दुसरा येत नसे. एकाशी फोनवर बोलताना दुसऱ्याचे नाव जिभेवर येऊ न देण्याची सवय हैबतीने या वयात लावून घेतली होती.

धुरावरच्या मटणाला अर्धा दिवस लागतो, असे दीपक म्हणाला होता. अर्धा दिवस विस्तवापाशी बसायचे म्हणजे एकाने कोळसा सारायचा, एकाने झाकण उघडायचे. माणसे किती वेळ गप्प बसतील?

“आठ,” हैबती म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने दोन्ही मुलांना एकाच रविवारचे आवतण दिले. दुसरा येणार आहे, हे मात्र कोणालाच सांगितले नाही.

रविवारी अंगणातला स्मोकर पाहून दीपकने कपाळाला हात लावला. “बाबा, केवढा आणलात हा! कुणाचं लगीन काढलंत?”

“दिशाला आत बसवून अंघोळ घालता येईल,” रेश्मा हसत म्हणाली.

“लहान नव्हता त्याच्याकडं,” हैबती खोटे बोलला आणि वाटण लावलेले मटण जाळीवर पसरू लागला. मटणही त्याने आठांचे आणले होते.

झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघू लागली, तेवढ्यात भरतची गाडी अंगणाच्या तोंडाशी आली. तिथे उभी असलेली दीपकची गाडी त्याने पाहिली आणि इंजिन बंद केलेच नाही. हैबती धावत गेला.

“तो हाय, हे सांगितलं नायत, बाबा.”

“सांगितलं असतं तर आला असतास?”

भरतने गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली.

“उतर रे. पोरांनला तरी दोन घास खाऊ दे.”

“सवला जातो आम्ही. साक्षीच्या माहेरी.”

मागच्या काचेला नाक लावून बसलेल्या मुलांसह गाडी उलटी वळली. दीपक चिमटा हातात धरून अंगणात उभा होता. त्याने हाक मारली नाही. पण तो घरातही गेला नाही.

“म्हणून एवढा मोठा आणलात,” स्मोकरकडे वळत तो म्हणाला.

मटण उत्तम शिजले. जेवण झाल्यावर हैबतीने मोठा स्टीलचा डबा काढला, चौघांचे मटण त्यात भरले आणि पायात चपला सरकवल्या.

“आता कुठली एसटी?” म्हणत दीपकने गाडीची किल्ली उचलली.

सवच्या अलीकडच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. “मी हितंच थांबतो. तुम्ही या जाऊन.”

साक्षीने सासऱ्याच्या हातातून डबा घेतला. भरतने पायरीवर बसून एक तुकडा खाल्ला, मग दुसरा.

“बरं शिजलंय.”

“कोळशाकडं दीपक बघत होता,” हैबती हळूच म्हणाला. “वळणावर उभा हाय तो.”

भरत उठला आणि मोरीवर जाऊन हात धुऊ लागला. पुष्कळ वेळ धूत राहिला.

साक्षीने डबा घासून-पुसून आणला. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो पाठमोराच होता. रिकामे भांडे परत पाठवू नये, म्हणून तिने आत जाऊन मूठभर साखर आणून त्यात घातली. शेजारच्या घरून आलेल्या भांड्यात घालतात तेवढीच.

“काय म्हणाला?” हैबती गाडीत बसताच दीपकने विचारले.

“बरं शिजलंय म्हणाला.”

“आन् डब्यात काय?”

“साखर.”

दीपकने डब्याचे झाकण उघडून पाहिले आणि परत लावले. मग त्याने गाडी सुरू केली. वळण आले की साखर डब्यात या कडेहून त्या कडेला सरसरत जाई. तो आवाज होऊ नये म्हणून हैबतीने डबा मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.