कोर्टावरचं औषध

बोईसर स्टेशनाकडून तारापूरच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिकडे समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि त्याला खडी पुरवणाऱ्या एका ठेकेदारानं आपल्या ट्रक ड्रायव्हरांसाठी या खोल्या उठवल्या होत्या. कुणी बीडचा, कुणी साताऱ्याचा, कुणी थेट नांदेडचा. मुलूख निराळे, देव निराळे. पण प्रत्येक खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी फळीवर एक तपकिरी बाटली मात्र सारखी असे. ती द्राक्षासवाची, म्हणजे मुरल्यावर थोडी दारू उतरणाऱ्या आयुर्वेदिक औषधाची बाटली होती.

रंभाबाई नवरा नागोराव आणि लेक मंदा यांच्याबरोबर बीडकडून नवी आली, तेव्हा ठेकेदाराचा मुकादम खंडेराव ही बाटली स्वतः हातात देऊन गेला. कशावरचं औषध, असं तिनं शेजारच्या साखरबाईला विचारलं. साखरबाई तोंडाला पदर लावून हसली.

"ह्ये खोकल्यावरचं न्हाई बाई. कोर्टावरचं हाय."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. मुलखात दारूबंदी; तरी खाडीकडच्या झाडीत हातभट्टी मिळते आणि ड्रायव्हर पितातच. पोलिसांनी धरलं की डॉक्टर तोंडाचा वास बघतो, रेघेवर चालवतो, रक्त काढून घेतो. रक्तात दारू निघाली तरी ती औषधातून आली असं दाखवता आलं की सुटका. आणि ते दाखवायचं कुणी? तर घरच्या बायकोनं. साखरबाईनं एकदा तसं सांगून आपल्या नवऱ्याला सोडवून आणलं होतं, आणि त्याचा तिला अभिमानच होता. सरकारनं दारूला बंदी घातली, ठेकेदारानं बंदीवर तोडगा काढला, आणि तोडगा फळीवर झाडूनपुसून ठेवायचं काम बायकांच्या गळ्यात घातलं. खेपा थांबायला नकोत, एवढीच त्याला काळजी होती. रस्त्यावर कोण चालतंय याची काळजी कुणालाच नव्हती.

रंभाबाईला ती होती, पण तिची काळजी तोंडातून बाहेर पडत नसे. नागोराव शुद्धीत असला की ट्रक हळूच रांगेसमोरच्या लिंबाखाली आणून लावी. प्यालेला असला की वळणापासूनच हॉर्न वाजवत येई. तो लांबलचक हॉर्न ऐकला की रंभाबाई आधी मंदाला हाक मारून घरात घेई आणि मगच ताट वाढी. कधी बोललीच, तर पाठीवर वळ उठत. मंदा याच रस्त्यानं शाळेला जायची, आणि ती परत येईपर्यंत रंभाबाईचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

चैत्रातली एक दुपार होती. कुंभवलीच्या वारली पाड्यावरची भागी मोळी टाकायला आली होती. दोघींचं चांगलं जमायचं. मोळी उतरवली की भागी उंबऱ्याबाहेर बसे आणि रंभाबाई तिला कपभर चहा देई. त्या दिवशीही दिला. भागीच्या तान्ह्या लेकीला, बुधीला, पहिला दात आला होता, त्याचं कौतुक चाललं होतं. एवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. रंभाबाईचा चेहरा बघून भागीनं कप विसळला आणि ती आपल्या वाटेला लागली.

नागोराव आत आला. तोंडाला भपकारा, डोळे तांबारलेले. चार घास खाल्ले, धक्क्यानं पाण्याचं भांडं लवंडलं, आणि तो पुन्हा निघाला. आता जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. रंभाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. ट्रक गेला. भागी गेली होती, त्याच वाटेनं गेला.

संध्याकाळी बातमी आली. कुंभवलीच्या अलीकडे ट्रक रस्ता सोडून खाली उतरला होता आणि कडेनं चालणारी भागी चाकाखाली सापडली होती. जीव वाचला. उजवा पाय मात्र डॉक्टरांनी गुडघ्यापासून काढला.

नागोरावावर एक नाही, तीन गुन्हे लागले: परवान्याविना दारू प्यायल्याचा, पिऊन गाडी हाकल्याचा, आणि निष्काळजीपणानं बाईला जायबंदी केल्याचा. रक्तात दारू निघाली होती. तुरुंग, वर दंड, आणि लायसन्स कायमचं जाणार, असं सगळे म्हणू लागले. ठेकेदारानं जामीन भरला, पालघरचा वकील दिला आणि चौथ्या दिवशी नागोरावाला परत त्याच ट्रकवर बसवलं.

थोडे दिवस तो भागीचं नाव काढून रडला. दारूला शिवणार नाही म्हणून त्यानं मंदाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. रंभाबाईला वाटलं, देवानं डोळे उघडले. आषाढ लागला आणि एका दुपारी वळणावर पुन्हा तो हॉर्न वाजला. मंदा अजून शाळेतून यायची होती. रंभाबाई अनवाणी रस्त्यावर धावली. लेक पावसात भिजत समोरून येताना दिसली, तेव्हा तिनं तिला ओढून रस्त्यापासून लांब नेलं.

दिवाळीनंतर खटला उभा राहिला. आदल्या दिवशी वकील खंडेरावाला घेऊन खोलीवर आला. गृहस्थ गोड बोलणारा होता. फळीवरची बाटली त्यानं खाली काढायला लावली, आणि तिचं बूच अजून शाबूत आहे हे पाहून कपाळाला हात लावला.

"दोन चमच्यांनी रक्तात एवढं येत नसतं, बाई," तो म्हणाला. "खोकला अनावर झाला होता, म्हणून तुम्ही स्वतःच्या हातानं अर्धी बाटली पाजलीत. असंच सांगायचं."

खंडेरावानं बूच काढलं आणि उंबऱ्याबाहेर अर्धी बाटली ओतून दिली. भागी जिथं चहा प्यायला बसायची, नेमक्या त्याच जागी तो काळसर ओघळ पसरला. जाता जाता त्यानं आठवण करून दिली की खोली ठेकेदाराची आहे, आणि ड्रायव्हर आत गेला की खोली राहत नाही. वारलीण ताडी पिऊन रस्त्यात आली होती असं आपण मांडणार आहोत, तेव्हा घाबरायचं कारण नाही, असाही धीर वकिलानं दिला. वारल्याचं नाव घेतलं की पुढं पुरावा कोण मागतो!

ते गेल्यावर नागोरावानं तिचे पाय धरले. आजवर उगारलेला त्याचा हात तिला ठाऊक होता. हा पाय धरणारा हात तिला अधिक भिववून गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. खरं बोलावं तर घर उघड्यावर, खोटं बोलावं तर हा माणूस उद्या पुन्हा रस्त्यावर.

पालघरच्या कोर्टाच्या पडवीत ती अंग चोरून बसली होती. तेवढ्यात कुबडीचा आवाज आला. दिराच्या आधारानं भागी येत होती. रंभाबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण भागीचा चेहरा तिला पाहून उजळला. ती खाली टेकली आणि तिनं रंभाबाईचा हात घट्ट धरला.

"बाय, तू आलीस, बरं झालं. मना भ्या वाटतं. मी ताडी पिऊन गाडीखाली आली, असा बोलतात ते. तू सांगशील ना? मी तुज्या हातचा चाय पिऊन निगाली. दुसरा काय नाय."

आपण कुणाच्या बाजूनं आलो आहोत हे रंभाबाईला सांगवलं नाही. शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. समोर नागोराव डोळ्यांनी विनवत होता. त्याच्या मागं खंडेराव उभा होता. वकिलानं मऊ आवाजात विचारलं, त्या दुपारी तुम्ही आपल्या हातानं काय पाजलंत ते साहेबांना सांगा.

"चहा," रंभाबाई म्हणाली.

वकील हसला आणि म्हणाला, चहा नव्हे, औषध, नीट आठवा.

"चहा पाजला. भागीला. ती चांगली शुद्धीत हुती, कप इसळून गेली. ह्यांना म्या काय बी दिलं न्हाई. ह्ये आले तवाच पिलेले हुते." तिनं कठडा धरला. "मला वास आला. तरी म्या जाऊ दिलं."

कोर्टात कुजबुज उठली. मॅजिस्ट्रेटनं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि या बोलण्यानं नवऱ्याचं काय होईल ते तिला कळतं का, असं विचारलं.

"कळतंय साहेब. त्याचंच तर भ्या वाटतंय."

नागोरावाला शिक्षा झाली, लायसन्स रद्द झालं. पोलिसांबरोबर जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. रांगेतल्या बायकांनीही पाहिलं नाही. साखरबाईनं तर दार लोटून घेतलं. नवऱ्याला आत घालणारी बाई, असं तिचं नाव त्या रात्रीपासून पडलं. वाचकहो, ज्यांनी बाटली दिली, ओतली, खोटी साक्ष शिकवली, त्यांना कुणी काही नाव ठेवल्याचं मात्र ऐकिवात नाही.

सकाळी खोली सोडायची होती. कुंभवलीला भागीच्या दिरानं मायलेकींना राहायला आपली पडवी दिली होती. मोळ्या वाहायला आता दुसरे पाय हवे होते, आणि ते रंभाबाईनं द्यायचं ठरवलं होतं. पुढं काय, या विचारानं तिला रात्रभर डोळा लागला नव्हता. बोचकं काखेत आणि मंदाचा हात हातात धरून ती निघाली. शेजारच्या रिकाम्या खोलीत नवा ड्रायव्हर उतरत होता. त्याची बायको आनंदी, हातावरची मेंदी अजून न गेलेली पोर, दारात उभी होती. खंडेराव नुकताच तिथून गेला होता.

"मावशी," तिनं कोवळ्या आवाजात हाक मारली आणि तपकिरी बाटली पुढं केली. "ह्ये कशावरचं औषध हाय?"

सगळ्या रांगेचे कान आपल्याकडे लागलेत, हे रंभाबाईला कळत होतं. तिनं बोचकं खाली ठेवलं, पोरीला उंबऱ्यावर बसवलं आणि भागीपासून सांगायला सुरुवात केली.