यादीतली झोरा

आबासाहेबांनी आजवर पुष्कळ लग्नं जमवली. त्यातली काही टिकलीही. आमच्या सुकन्याचं स्थळ तर आपण मोडनिंबला बसल्या बसल्या हुडकून काढलं, असं ते दिसेल त्याला सांगत होते. सुकन्या त्यांची भाची. मुलगा अजिंक्य, सांगोल्याचा, घरची डाळिंबाची बाग, नोकरी पुण्यात. आबासाहेबांच्या व्हॉट्सॲपवर वधूवरांचे अकरा ग्रुप आहेत, त्यातल्या एकात हा बायोडाटा आला आणि त्यांची नजर नेमकी त्यावर पडली.

तो बायोडाटा तिथं सुकन्यानंच मैत्रिणीकरवी टाकला होता. हे घरात दोघांनाच ठाऊक, तिला आणि मला. मी तिच्या वडिलांचा, रामहरीचा, चुलतभाऊ. ती मला नाना म्हणते आणि बापाला सांगता येत नाही ते मला सांगते.

अजिंक्य तिला तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये भेटला होता. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी आधी पगार विचारला, कारण वडीलधाऱ्यांनी आधी तोच विचारायचा असतो. ती म्हणाली, "नाना, आम्ही जोडीनं खेळतो. मी मागून बाण मारते, तो ढाल घेऊन पुढं उभा असतो. इतक्या वर्षांत एकदाही मला टाकून पळाला नाही."

मुलाची इतकी सखोल चौकशी आमच्या घराण्यात कुणाच्याच लग्नाआधी झाली नव्हती. मी होकार दिला. अट एकच होती, ओळख आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. आबासाहेबांनी जमवलेलं लग्न आणि पोरांनी जमवलेलं लग्न यांत जात, गोत, पत्रिका सगळं तेच असलं तरी दुसऱ्याला आमच्याकडं प्रकरण म्हणतात.

तर यादीचा दिवस आला. जुळे सोलापुरात रामहरीचं घर आहे, खाली पिठाची गिरणी. पाहुणे येणार म्हणून गिरणी बंद ठेवलेली. सतरंजीवर एका बाजूला आम्ही बसलो. समोर अजिंक्य, त्याचे वडील धनाजीराव आणि त्याचे मामा शहाजी. धनाजीराव मान डोलावण्यासाठी आले होते, बोलायला शहाजीमामा. अक्षर बरं म्हणून यादी लिहायला मी.

मानपान झाला, जेवणावळ कुणाची, मांडव कुणाचा, तेही झालं. मग शहाजीमामांनी पाठीमागचा तक्क्या नीट केला आणि म्हणाले, "हुंडाबिंडा आमाला नगं. तसली मानसं न्हाय आमी. फकस्त पोराची हौस काय असंल ती त्यानंच सांगावी. का वो दाजी?"

धनाजीरावांनी मान डोलावली.

हौस म्हणजे चारचाकी. सांगोल्याहून येताना गाडीत शहाजीमामांनी अजिंक्यकडून तसं घोकून घेतलं असणार, कारण शब्द ऐकायच्या आधीच ते कौतुकानं हसत होते. अजिंक्यनं घसा साफ केला आणि म्हणाला, "गेममध्ये एक नवीन कॅरेक्टर आलंय. झोरा. ते दिलं तरी चालेल."

शहाजीमामांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"कोन आलंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"खेळातली लढवय्यी आहे. मोठी ढाल असते तिच्याकडं. गेम आपण विकत घेतलेला असतो, पण ही आत कुलूपबंद असते. वेगळे पैसे भरले की उघडते."

"म्हंजे रान घेतलं, आन हिरीचं पैसं येगळं?" आबासाहेब म्हणाले.

"हां, तसंच."

"आन लोकं देत्यात?" शहाजीमामांनी विचारलं.

"देतात."

"खुळी हायत की."

किंमत विचारली तर एका बऱ्या शर्टाएवढी निघाली. पोरानं शक्कल चांगली काढली होती. काही मागावंच लागणार, तर मुलीच्या बापाला जड जाणार नाही असं मागायचं. मला तो मनापासून आवडला. पण आबासाहेबांनी मला आणि रामहरीला खुणेनं मागच्या दारी बोलावलं.

"नाना, पोरात खोट हाय."

"कशावरून?"

"एवढं कमी कोन मागतं व्हय? बाजारात जनावर सस्तं मिळालं की आदी त्येचं पाय बगायचं असत्यात. फीट येत असंल. न्हायतर पुण्याला एक लगीन झालं असंल."

"आबा, मुलगा काही मागत नाही म्हणून लग्न मोडायचं?"

"मोडायचं न्हाय. इचारायचं."

रामहरीला मुलगा पसंत होता, पण आता त्याच्या चेहऱ्यावरही फीट दिसू लागली होती.

आत आलो तर तिकडची आघाडीही पेटलेली. शहाजीमामा भाच्याला दबक्या आवाजात म्हणत होते, "उद्या गावात लोकं इचारतील, पोराला काय घातलं? काय सांगू? झोरा?"

तेवढ्यात सुकन्या शेंगापोळीची ताटं घेऊन आली. तिचं चित्त दिवसभर थाऱ्यावर नव्हतं. अजिंक्य बिचारा आबासाहेबांना समजावत होता, "नाही मामा, फुकट घालवल्यासारखं नाही. झोराची ढाल सगळ्यात भक्कम आहे. ही असली की मागचा माणूस मरतच नाही."

सुकन्या ताट ठेवता ठेवता म्हणाली, "घेऊ नकोस रे. पुढच्या अपडेटमध्ये कंपनीवाले ढाल निम्मी करणारेत. आधी तगडं करून विकतात, सगळ्यांनी घेतलं की कापतात. मागच्या दिवाळीलाही असाच घाईनं एक घेतलास आणि आठवडाभर माझ्यापुढं रडत बसलास."

मग तिला आपण कुठं उभ्या आहोत ते कळलं. हातातलं दुसरं ताट तसंच हातात राहिलं.

आबासाहेबांनी मागची दिवाळी मोजली. स्थळ त्यांनी उन्हाळ्यात शोधलं होतं.

मला वाटलं, आता शहाजीमामा उठतील. तशी मी पेनाला टोपणही घातलं. पण शहाजीमामा उठले नाहीत. त्यांनी शेंगापोळीचा तुकडा मोडला, त्यावर तूप घेतलं आणि सावकाश चावून म्हणाले, "म्हंजे वळख जुनी हाय. मग तर लईच ब्येस झालं. जीव जडलाय पोरीचा. ती काय आता दुसरीकडं बसायची न्हाय."

मग ते माझ्या कागदाकडं वळले.

"नाना, ते झोराबिरा खोडा. हौस म्हनून चारचाकी लिवा. आन लगीन सोलापुरात नगं, सांगोल्यात, खर्च तुमचा. आमी हे बाहेर कुटं बोलनार न्हाय, त्येची काळजी नगं. घरातलीच हाय की पोरगी."

धनाजीरावांनी मान डोलावली.

गोड बोलून गळा कापणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तूप लावून कापणारा पहिलाच. रामहरीनं माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून खाली गिरणीच्या पत्र्याकडं. "बघू," तो म्हणाला. "करू कायतरी." तो पत्रा त्यानं मनातल्या मनात विकूनही टाकला होता.

सुकन्या मात्र बापाकडं बघत नव्हती. ती अजिंक्यकडं बघत होती. तिला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. 'मामा, मला गाडी नको.' चार शब्दांचं वाक्य. सतरंजीवर बसूनही म्हणता आलं असतं, उठून उभं राहायचीसुद्धा गरज नव्हती.

अजिंक्य खाली मान घालून मोबाइलवर बोटं फिरवत होता.

सुकन्याचा फोन वाजला. तिनं ताट खाली ठेवून पाहिलं, आणि कुणाला दाखवायचं सुचेना म्हणून माझ्यापुढं धरला. पडद्यावर ढाल घेतलेली एक बाई उभी होती. खाली लिहिलं होतं, अजिंक्यनं तुम्हाला झोरा भेट दिली आहे. त्याखाली दोन चौकोन होते, स्वीकारा आणि नाकारा.

समोर त्याचा मामा तिच्या बापाला गाडीचा रंग सांगत होता.

पोरानं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, मी नाही म्हणणार नाही. तोंड मात्र बंद होतं. सुकन्या थोडा वेळ थांबली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला जेवढा वेळ दिला असता, त्याहून तिनं त्याला जास्त दिला. मग तिनं नाकाराचा चौकोन दाबला.

"नाना, काही लिहू नका," ती म्हणाली. "शहाजीमामा, पोळी घ्या अजून. गार झाली की चांगली लागत नाही."

पाहुणे तासाभरानं गेले. जाताना जिन्यात अजिंक्य मागं रेंगाळला आणि मामांनी हाक मारताच खाली उतरला. आबासाहेब मोडनिंबला जाईपर्यंत म्हणत होते, "मी म्हनलं नव्हतं, पोरात खोट हाय?" या खेपेला त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

ओळखीची गोष्ट बाहेर कुणी बोललं नाही, फक्त सगळ्यांना कळली. त्यानंतर आलेली दोन स्थळं दारातूनच परत गेली. रामहरी लेकीला एका शब्दानंही बोलला नाही, पण गिरणी पहाटेपासून चालवू लागला. तेवढ्या आवाजात कुणाला काही बोलताच येत नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मी गेलो तेव्हा ती कॉम्प्युटरपुढं बसली होती. एकटीच खेळत होती. तिचा बाणवाला गडी पुढं कुणी नसल्यानं सारखा मरत होता, आणि ती पुन्हा उभा करत होती.

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ते तुझं अपडेट आलं का गं?"

"आलं."

"मग? केली का तिची ढाल निम्मी?"

"नाही नाना. तशीच ठेवलीय." तिनं पडद्यावरून नजर काढली नाही. "माझा अंदाज चुकला."

"म्हणजे घ्यायला हरकत नव्हती?"

खाली गिरणी बंद झाली. कुणीतरी दळण न्यायला आलं असावं.

"झोरा घ्यायला हरकत नव्हती," ती म्हणाली आणि बाणवाल्याला पुन्हा उभं केलं.