मोकळी ठेवलेली रेघ

१९९६ साली कोइमतूरच्या एका रक्तपेढीत माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी आज्ञावली आहे. तिथल्या कॉम्प्युटरात तेवीस प्रोग्राम होते. रक्तगट जुळवणाऱ्याला आधी दात्यांची यादी हवी, यादीला आधी तारीख हवी. तारखेला तेवढं कोणीच नको. कोणाला कोण लागतं ते पाहून एकेकाला क्रमाने उठवायचं, एवढंच माझं काम.

मला वळ्ळियम्मैने लिहिलं. ती रोज दारात कोलम काढायची, ठिपक्यांभोवती वळत जाणारी रांगोळी. माझा आराखडाही तिने तसाच काढला. ठिपका म्हणजे प्रोग्राम, रेघ म्हणजे गरज. दोन वर्षं ती त्यावर खपली.

सुटे सुटे सगळे चालत होते. पहिल्या सकाळी एकत्र सुरू केले आणि मी अडकले. तारीख म्हणे, आधी रक्तगटवाला उठू दे. तो म्हणे, आधी यादी. यादी म्हणे, आधी तारीख. मी नुसती फिरत राहिले.

"झोपली का तुमची बाई?" रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर सौंदरपांडियन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"झोपली नाही सार, फिरतेय."

"फिरू दे. बारापर्यंत चालली नाही, तर हिला बंद करून नोंदींच्या जुन्या वह्या परत काढू. वह्या निदान एका जागी बसतात."

वळ्ळियम्मैचा दहीभात डब्यातच राहिला. फरशी पुसायला आलेल्या पेच्चियम्माळ आजींनी टेबलावरचा आराखडा पाहिला.

"कोलम झकास जमलंय गं पोरी. रेघ कुठेच उघडी नाही."

"हे कोलम नाही, आजी."

"मग टोक जोडलंस कशाला?"

वळ्ळियम्मैने कागद जवळ ओढला. आमच्याकडे रांगोळीची रेघ उघडी ठेवत नाहीत, वाईट आत शिरतं म्हणतात. हाताच्या सवयीने तिने शेवटची रेघ तारखेपासून रक्तगटापर्यंत नेऊन जोडली होती, आणि मलाही तसंच शिकवलं होतं. तिने ती कागदावर खोडली, माझ्यातूनही काढली. साडेअकराला तेवीसही जण उठले. डॉक्टरांनी रक्ताच्या एका पिशवीची पडद्यावरची नोंद वहीशी ताडून पाहिली.

"बरोबर आहे. कॉफी चालते का बाईंना, विचारा."

तेव्हापासून मी एकही सकाळ चुकवली नाही. कौतुक वर्षभर टिकलं. नवी माणसं आली, नवे प्रोग्राम आले, जुने कोणी काढले नाहीत. आता तीनशे अकरा आहेत. त्यातले निम्मे कोणाच्या कामाचे, मला ठाऊक नाही, तरी उठवते. मध्येच कोणी न विचारता एखादा काढून टाकतं, त्याच्यावर टेकलेले पाच जण पडतात आणि बोल मला लागतो. दमले आता.

डॉक्टर निवृत्त होऊन सेलमला मुलीकडे गेले, तिथेच वारले. पेच्चियम्माळ आजी अखेरपर्यंत सांगत, कॉम्प्युटर मीच दुरुस्त केला. वळ्ळियम्मै २०१७ साली घरी बसली. दारातल्या कोलमचं टोक ती अजून जोडते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. कोण कोणावर टेकलंय ते लिहून ठेवा. काढण्याआधी विचारा. जाताना वळ्ळियम्मै माझा आराखडा भिंतीवर लावून गेली. खोडलेल्या रेघेची खूण त्यावर अजून दिसते. रोज सकाळी मी तिथूनच, तारखेपासून, सुरुवात करते.