डोळ्यातले पाट

वाफा भिजला की पाणी बंद करायचं, हे आमच्या वाडीत शेंबडं पोरही जाणतं. म्हणूनच बीपी उतरल्यावर मी गोळी बंद केली. डोकं दुखेना, चक्कर येईना. मग कशाला गिळायची? सून मेघना ओरडून थकली.

शेवटी नव्या चष्म्याचं निमित्त काढून तिने मला वसईत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढून पडद्यावर लावला. केशरी जमिनीवर लाल पाट पसरले होते; मोठ्यातून लहान फुटलेले, शेवटी केसाएवढे बारीक. एवढी भिजती वाडी माझ्या डोळ्यात, आणि मला पत्ता नाही!

"काका, इथे रक्त झिरपलंय," एका डागावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. लगेच दंडाला पट्टा बांधून त्यांनी प्रेशर मोजलं. खूप वाढलं होतं. मेघनाने लगेच मी बंद केलेल्या गोळीचं सांगून टाकलं.

"पण मला काहीच होत नाही."

"ते कळत नाहीच, काका. गोळी होती म्हणून ते खाली होतं."

मी डागाकडे बघत राहिलो. खाडीचा बांध फुटायच्या आधी असाच पाझरतो. आणि शेत कोरडं दिसतंय म्हणून तो बांधच काढून टाकणारा शहाणा मी होतो.