खांबाला कुणी विचारले नाही

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. ज्याच्या पायाशी तुम्ही आत्ता पाण्याच्या बाटल्या टेकवल्या आहेत आणि मघाशी ज्याला कुणीतरी च्युइंगम चिकटवले, तोच मी. पण मला साधासुधा खांब समजू नका. मी गोलचा खांब आहे, आणि तोही उंच.

तुमच्यातल्या नव्यांसाठी सांगतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. मधल्या दोघांमधून लाथेने मारलेला चेंडू सरळ गेला की गोल, म्हणजे सहा गुण. पण जाता जाता तो बचाव करणाऱ्याच्या हाताला लागला, किंवा आम्हा उंच खांबांना नुसता घासून गेला, तर सहाचा एकच गुण उरतो. एवढे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे गावचा. तिथे कांद्याबटाट्याच्या शेतांसाठी पाण्याचे पाइप बनवत. पाइप कापून जे लांब तुकडे उरले, त्यातला एक मी. माझी भावंडे अजून शेतात आडवी पडून कांद्यांना पाणी पाजतात. मला मात्र ऑकलंडला आणून पांढरा रंग दिला, मैदानातल्या नळकांड्यात उभे केले आणि मी एकदम गावचा पाटील झालो. अर्थात ही पाटीलकी हिवाळ्यापुरती. सीझन संपला की आम्हाला उपसून शेडच्या मागे टाकत. तिथे अंगावरून गोगलगायी फिरत आणि क्रिकेटवाले माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालत.

तुम्ही विचाराल, पुकेकोहेच्या खांबाला मराठी कशी येते? ती मला मकरंदने शिकवली. म्हणजे तो शिकवायला बसला नाही, पण नऊ हिवाळे हा माणूस माझ्यापुढे उभा राहून माझ्याशी मराठीतच पुटपुटत आला. दगडालासुद्धा पाझर फुटतो म्हणतात, मी तर लोखंडाचा.

मकरंद पुण्यात पेठेतल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचा. डावा कोपरा. चढाई करणारा आत आला की झडप घालून त्याचा घोटा धरणारा. २०११ साली तो शिकायला ऑकलंडला आला आणि संध्याकाळी सँडरिंगहॅमच्या एका डेअरीत, म्हणजे नाक्यावरच्या दुकानात, काम करू लागला. एकदा एक उनाड गडी चॉकलेटांचा खोका काखेत मारून पळाला. मकरंदने काउंटरवरून उडी घेतली आणि दारातच त्याचा घोटा पकडला. आमच्या क्लबचा तेव्हाचा कर्णधार विरेमू दूध घ्यायला आला होता. त्याने दुधाची बाटली खाली ठेवली, माओरीत रामराम घातला आणि विचारले,

“किया ओरा, ब्रो. शनिवारी काय करतोस?”

त्या शनिवारी मकरंद पहिल्यांदा मैदानात आला. आत पाऊल टाकण्याआधी तो वाकला, रेषेवरची माती बोटांना लावली, ती बोटे मला लावली आणि मग कपाळाला. कबड्डीच्या मैदानात उतरताना करतात तसा नमस्कार. मित्रांनो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला ते एकही घाव न सोसता मिळाले! तेव्हापासून मी जो ताठ उभा आहे तो आजपर्यंत.

आता देवासमोर भक्ताने काय करावे? पहिल्याच झटापटीत त्याने समोरच्याचा घोटा धरून त्याला चिखलात आडवा केला. पंचाची शिट्टी वाजली. या खेळात गुडघ्याच्या खाली धरायचे नसते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. समोरच्यांना मोकळा फटका मिळाला आणि चेंडू आमच्या मधून सरळ गेला.

“अरे, पण पकड तर फक्कड होती!” तो माझ्याकडे बघून म्हणाला. मला ते मनापासून पटले.

हळूहळू तो कमरेला धरायला शिकला. विरेमूने त्याला फुलबॅक केले. फुलबॅक म्हणजे बचावातला अगदी शेवटचा माणूस, त्याच्यामागे फक्त आम्ही खांब. म्हणून मी त्याचा चेहरा कमी आणि पाठ जास्त पाहिली. पण ती पाठ काय होती! दोन-दोन धिप्पाड गडी चेंडूसाठी झेपावत आणि हा बेताच्या उंचीचा माणूस त्यांच्या खांद्यांमधून मूठ वर काढून चेंडू बाहेर उडवी. पडे, चिखल थुंके, उठे आणि पुन्हा माझ्यापुढे येऊन उभा राही. मी जमिनीत रोवलेला म्हणून पळत नाही. तो कशात रोवलेला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

वर्षे गेली. मकरंदची डेअरी सुटली, कुरियरची व्हॅन आली. विनिताशी लग्न झाले, ईशा झाली. क्लबमध्ये माणसे नेहमीच कमी, म्हणून विनिताला गोलची पंच केले. पांढरा कोट घालून, हातात दोन झेंडे घेऊन ती माझ्या शेजारी उभी राहायची. गोल झाला की दोन झेंडे, एक गुण झाला की एक. नवऱ्यावर गोल झाला तरी झेंडे तिलाच फडकवावे लागत, आणि ती ते अगदी चोख फडकवी.

“जरा हळू हलव की गं,” तो धापा टाकत म्हणायचा.

“तू जरा जोरात पळ की रे,” ती म्हणायची.

मग २०१९चा हिवाळा आला. त्या सीझनबद्दल पुष्कळ जणांनी पुष्कळ मते दिली. पण त्याच्या सगळ्यांत जवळ मी उभा होतो, तेव्हा माझे मतही ऐका. सुरुवात वाईट झाली. मकरंदने पस्तिशी ओलांडली होती. डावा गुडघा वळताना त्याचा चेहरा वाकडा होई. पोरसवदा गडी त्याच्या बाजूने असे निघून जात की जणू तो बसथांबा आहे. एका सामन्यात एकाच पोराने त्याच्यावर इतके गोल केले की विनिताने झेंडे फडकवून झाल्यावर तोंड फिरवले. विरेमू आता प्रशिक्षक झाला होता. तो हाताची घडी घालून रेषेबाहेर उभा होता. सामना संपल्यावर तो एवढेच म्हणाला,

“ब्रो, सीझन संपला की बोलू.”

याचा अर्थ खांबालाही कळतो.

त्या संध्याकाळी मकरंद बूट काढत माझ्या पायाशी बसला. “अजून एकच वर्ष दे रे बाबा,” तो म्हणाला. “ईशाला आत्ता कुठे खेळ कळायला लागलाय. तिचा बाप खेळायचा, हे तिच्या लक्षात राहील एवढं तरी होऊ दे.”

त्याला बक्षीस नको होते, नाव नको होते. त्याला फक्त पुढच्या हिवाळ्यात माझ्यापुढे उभे राहायचे होते. मला त्या क्षणी फार वाटले की आपल्याला हात असायला हवे होते.

आणि मग, मित्रांनो, मी एक नवल पाहिले. मकरंदने धावणे कमी केले. कबड्डीतला कोपरा चढाई करणाऱ्याच्या मागे कधी धावत नाही. तो थांबतो, समोरच्याला आत येऊ देतो आणि नेमका क्षण धरतो. मकरंदला आपली जुनी विद्या आठवली असावी. चेंडू हवेत असतानाच तो कुठे पडणार हे ओळखून तो दोन पावले सरके, आणि चेंडू जणू त्यालाच भेटायला येई. आमचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. जमिनीवर आपटून कुठे उडेल हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. पण मकरंदला ठाऊक असे! जोरात पळणारी पोरे धापा टाकत त्याच्याकडे बघत राहत. मी इतके खेळाडू पाहिले, पण पाय मंदावल्यावर अधिक चांगला खेळू लागलेला माणूस मी एकच पाहिला.

आमचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. जिंकलो तर अंतिम फेरी, हरलो तर सीझन तिथेच संपला. दोन दिवस आधी मकरंद शिडी घेऊन आला आणि त्याने मला नवा पांढरा रंग दिला. हे तो दर वर्षी करी, पण या वेळी दोन हात दिले.

सामना अखेरच्या मिनिटावर आला तेव्हा आम्ही फक्त तीन गुणांनी पुढे होतो. समोरच्यांच्या पुढच्या फळीतल्या गड्याने धावत येऊन लाथ मारली. लाल चेंडू गरगरत थेट आमच्याकडे आला. मकरंदने तो वाईट गुडघा वाकवला आणि उडी घेतली. हात जेवढा लांबवता येईल तेवढा लांबवला. चेंडू त्याच्या बोटांना न लागता वरून गेला, माझ्या आतल्या कडेला हलकेच घासला आणि पलीकडे पडला.

होय. मला घासला. ओढणीचे टोक लागावे इतकाच, पण घासला. म्हणजे एकच गुण. म्हणजे आम्ही जिंकलो होतो!

पण माझ्याकडे कुणाचे लक्षच नव्हते. सगळ्यांच्या नजरा मकरंदच्या हातावर. “टच्ड! टच्ड!” आमचे सगळे गडी ओरडले, म्हणजे हात लागला, हात लागला. विरेमू सगळ्यांत मोठ्याने ओरडला. त्या गलक्यात माझा बारीकसा आवाज कोण ऐकणार? मैदानातला पंच धावत विनिताकडे आला.

“हात लागला?”

विनिताचा चेहरा उतरला होता. मकरंदची पाठ मध्ये आल्यामुळे तिला दिसले नव्हते. “मला नक्की सांगता येत नाही,” ती म्हणाली.

नियम असा आहे की शंका असेल तर कमी गुण द्यायचा. म्हणजे एक. पंचाने मान हलवली. मकरंदला कुणी काही विचारलेच नव्हते. तो नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होते. अंतिम फेरी मिळाली असती, आणि कोण जाणे, पुढचा हिवाळाही.

मकरंदने आपला हात वर केला.

कबड्डीत स्पर्श झाला की चांगला खेळाडू पंचाची वाट बघत नाही. आपण होऊन हात वर करतो आणि बाहेर जातो. तसाच हात त्याने वर केला.

“नाही लागला,” तो म्हणाला. “गोल आहे.”

विनिताने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग तिने दोन्ही झेंडे उचलले आणि नेहमीसारखे चोख फडकवले. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात ओरडत होतो की अरे, हाताला नाही, पण मला लागला, मला विचारा! मी लोखंडाचा आहे याचे मला आयुष्यात तेव्हा एकदाच फार वाईट वाटले.

उन्हे उतरल्यावर आम्हाला उपसायला तिघेच आले. मकरंद, विनिता आणि ईशा. मला आडवे केले आणि ईशा माझ्याजवळ उकिडवी बसली.

“बाबा, लुक! इट्स रेड!”

कोऱ्या पांढऱ्या रंगावर, मी उभा असताना माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर येते त्या जागी, बोटभर लांब लाल ओरखडा होता. मकरंदने त्यावर अंगठा फिरवला. तो काय आहे हे त्याला लगेच कळले. त्या रंगाला त्याच्यानंतर दुसरे कुणी शिवलेच नव्हते.

“इट हिट द पोस्ट! बाबा, वी वन!” ईशा उड्या मारू लागली.

“नाही गं राणी,” तो म्हणाला आणि हसला. “मला हाताचं माहीत होतं, ते मी सांगितलं. खांबाला कुणी विचारलंच नाही.”

पण विनिता हसली नाही. “खांब बघायचं काम माझं होतं,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. मी जाऊन विरेमूला सांगते.”

“अगं, आता निकाल थोडाच बदलणार आहे?”

“न बदलू दे. तू सांगायचं आणि मी गप्प बसायचं, असं कसं चालेल?”

ती गेली आणि विरेमूला घेऊन आली. तो धिप्पाड माणूस माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला आणि त्याने तो लाल ओरखडा नीट पाहिला. मग तो बोलला. तो बोलला इंग्रजीतच, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

“ब्रो, मी तुला खोटं सांगणार नाही. मी सामन्याच्या आधीच ठरवलं होतं. फुलबॅक म्हणून तुझा हा शेवटचा सीझन.”

मकरंदने मान हलवली. त्याचा हात माझ्यावरच होता. त्याचा अंगठा पुन्हा त्या ओरखड्यावरून फिरला.

“आज माझा एकूणएक खेळाडू ओरडला,” विरेमू म्हणाला. “मी पण ओरडलो. कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी ओरडलो. आता लहान मुलांचा संघ सुरू करतोय. त्यांना शिकवायला मला न ओरडणारा माणूस पाहिजे. येशील?”

ईशा त्याचा हात ओढू लागली. “से येस, बाबा!”

“स्वीट ॲज,” तो म्हणाला, म्हणजे आमच्याकडचे ‘एकदम झकास’.

अशी आमची दोघांची एकदमच बदली झाली. मोठ्यांच्या मैदानात आता नवे, चकचकीत ॲल्युमिनियमचे खांब येणार आहेत. मला भंगारात द्यायचे चालले होते, पण मकरंदने मागून घेतले आणि इथे, तुमच्या मैदानात, उभे केले. गेल्या आठवड्यात त्याने मला रंगही दिला. सगळीकडे दिला. फक्त वरची बोटभर जागा सोडली. मान वर करून बघा, दिसेल तुम्हाला.

मित्रांनो, काल सरावात तुमच्यातल्या एका मुलीने चेंडू अडवायला उडी घेतली. चेंडू तिच्या बोटांना पुसटसा लागून बाहेर गेला. कुणाच्याच ते लक्षात आले नव्हते, आणि हात न लागता थेट बाहेर गेलेला चेंडू तिच्याच संघाला मिळाला असता. तिने आपण होऊन हात वर केला. ती कोण ते मी सांगत नाही, पण मैदानात येताना ती आधी मातीला, मग मला आणि मग कपाळाला बोटे लावते.

तेव्हा या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. माझ्यावर च्युइंगम चिकटवू नका, आणि शेडमागे टाकाल तेव्हा अंगावर काहीतरी पांघरा, गंज फार लवकर चढतो. जुन्या माणसांनाही तसेच जपा, त्यांना नुसते आडवे टाकू नका. आणि मैदानात तुम्हाला काही खरे माहीत असेल, तर कुणी विचारण्याची वाट बघू नका. त्या दिवशी मला सगळे माहीत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.