देवकाबाईचा गुस्ताव राजा

रोवणी लागली की देवकाबाईला राज्य मिळायचं. एरवी ती तलावातले मासे टोपलीत घालून दारोदार विकणारी बाई. पण सावली गावाजवळच्या गुणवंतरावांच्या भाताच्या बांधीत बायका पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायला उतरल्या की धुऱ्याकडचं, म्हणजे बांधालगतचं टोक तिचं. त्या टोकाची बाई गाणं उचलते, बाकीच्या झेलतात आणि तिचा हात चालेल तशी सगळी ओळ मागं सरकते. वीस वर्षं ती जागा देवकाची होती. ती दुसऱ्या कुणाची होऊ शकते हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग शेजारच्या सुगंधाबाईनं चांद्याहून सून आणली. प्रेमिला. तिची आई एका स्वीडनच्या मडमेकडं कामाला होती, त्यामुळं पोरगी मडमेच्याच ओसरीवर वाढलेली. चिखलात पाय टाकायची सवय नाही. देवकानंच तिला शेजारी उभं करून पऱ्हे किती धरायचे, किती खोल रोवायचे ते शिकवलं. तेव्हा ती देवकाला आवडायचीसुद्धा. शिकणारं माणूस खाली आहे तोवर आवडतंच.

एका दुपारी गाणं संपलं आणि प्रेमिला भीतभीत म्हणाली, "बाई, मडमेच्या देशातल्या राजाची गोष्ट सांगू का?"

"सांग न," देवका म्हणाली. तिथंच ती फसली.

गोष्ट होती गुस्तावची, चार-पाचशे वर्षांपूर्वीची. शेजारच्या डेन्मार्कच्या राजानं स्वीडन जिंकलं, तिथल्या बड्या लोकांना तीन दिवस मेजवानी दिली आणि मग चौकात नेऊन त्यांची मुंडकी उडवली. त्यात गुस्तावचा बाप. गुस्ताव जंगलमुलखात पळाला, गड्याचे कपडे घालून परक्यांच्या खळ्यावर धान्य झोडपू लागला. एका घरी मालकानं आसरा दिला आणि स्वतःच शिपायांना आणायला निघून गेला. मालकिणीला ते कळलं. तिनं खिडकीतून लांब कापड सोडलं, त्याला धरून गुस्तावला खाली उतरवलं.

ऐकता ऐकता बायकांचे हात सपासप चालू लागले. देवकाला मात्र ते सोसवेना. आपल्या शेजारी काल शेंबड्या पोरासारखी उभी असलेली पोरगी, आणि सगळ्या माना तिच्याकडं! तिनं मुद्दाम वरच्या पट्टीत गाणं उचललं. कुणीच झेललं नाही.

"थांबा न जरासं, देवकाबाई," रुखमा करवादली. "तो गडी खिडकीले लोंबकळून राह्यला, अन् तुमचं का चाललं!"

बायका खळखळून हसल्या. ते हसू देवका घरापर्यंत घेऊन गेली. नवऱ्यानं, इस्तारीनं, भाजी अळणी का म्हणून विचारलं, तर त्यालाच चार शब्द ऐकवले.

तिसऱ्या दिवशी ऊन असतानाच अख्खी बांधी रोवून झाली. गुणवंतराव धुऱ्यावर येऊन खूश झाले. "हिच्या गोष्टीनं हात चालतेत. परवापासून या पोरीलेच टोकावर उभी करा. देवका, तू मधात ये. तुलेही आराम."

आराम! देवकानं मान डोलावली. असं वाटलं, याच चिखलात पोरीचं तोंड घालावं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोड आवाजात विचारलं, "काऊन वं पोरी, राजा झाल्यावर मंग का केलं त्यानं?"

प्रेमिलाच्या मनात कपट नव्हतं. तिनं खरं तेच सांगितलं. जंगलातल्या लोकांनी त्याला राजा केलं. मग त्यानं देवळांच्या जमिनी घेतल्या, चांदी घेतली, रोमच्या धर्मगुरूला मानणं सोडलं, लोकांची जुनी पूजा बदलली. कर्ज फेडायला दर देवळामागं एक घंटा मागितली. ज्यांनी लपवलं होतं तेच लोक अडून बसले. राजानं फौज घेऊन त्यांना घेरलं आणि पुढाऱ्यांना मारलं.

"अशानं कसं वं?" रुखमा हळहळली. देवका मात्र एकाच वाक्यावर थांबली होती.

संध्याकाळी विहिरीवर ती म्हणाली, "मी नाई म्हणत काई. पण धर्म बदलवणाऱ्या राजाची गोष्ट मडमेनं हिलेच काऊन शिकवली असंन? आज गोष्ट, उद्या आपण."

एवढं पुरलं. दोन दिवसांत प्रेमिला बाटलेली ठरली. तिनं भरलेल्या घागरीला कुणी हात लावेना. सुगंधाबाईनं सुनेचं रोवणीला जाणं बंद केलं आणि धुऱ्याकडचं टोक पुन्हा देवकाला मिळालं.

ती गायली. बायकांनी झेललंही, पण मेल्या आवाजात. मध्येच रुखमानं विचारलं, "त्या खिडकीवाल्या बाईचं पुढं का झालं?" कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या नजरा देवकाशेजारी, जिथं प्रेमिला आधी उभी राहायची, त्या रिकाम्या जागेकडं गेल्या. ती जागासुद्धा देवकाला पाहवेना.

म्हणून सांजेला ती सुगंधाबाईच्या परसात गेली. प्रेमिला एकटीच धान कांडत होती. देवकाला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमीच एकल्या आल्या. बाकी कोणी बोलत नाई."

"ते जाऊ दे. त्या बाईचं का झालं?"

"नवऱ्यानं तिले जलमभर माफ नाई केलं. राजा सदतीस वर्सं गादीवर बसला. त्याले तिची आठवण राह्यली का नाई, मडमेलेही मालूम नव्हतं." प्रेमिलानं मुसळ खाली ठेवून देवकाचा हात धरला. "बाई, तुमी सांगा न सगळ्यायले, मी बाटली नाई म्हून. तुमचं ऐकतेत."

"सांगतो," देवका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धुऱ्याशी उभं राहून तिनं गोष्ट सांगितली. पहिल्यापासून. मेजवानी, खिडकी, घंटा, सगळं. प्रेमिलाला नसता आला असा आवाज लावून सांगितली. खिडकीवाल्या बाईपाशी तर रुखमानं पदरानं डोळे पुसले. देवकाच्या तोंडून आल्यावर त्या गोष्टीत बाटण्यासारखं कुणाला काही दिसलं नाही.

"त्या बाईचं पुढचं तुमाले कोणं सांगितलं वं, बाई?" रुखमानं विचारलं.

देवकानं पऱ्ह्यांची नवी पेंडी सोडली.

"मले पयलेपासूनच मालूम होतं," ती म्हणाली, आणि एक पाऊल मागं सरकली. सगळी ओळ तिच्याबरोबर सरकली.